प्रश्न उद्भवत नाही

“बसा खाली, आमदारसाहेब,” मंत्री म्हणाले. “तुमच्या प्रश्नाला अधिवेशनातच लेखी उत्तर दिलंय.”

विश्वजीत गाडेकर बसले नाहीत. विरोधी पक्षाचे आमदार, पहिलीच टर्म. मंत्र्यांच्या जनता दरबारात ते इतर लोकांसारखं टोकन घेऊन सकाळपासून रांगेत होते.

“दिलंय की. ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ एवढंच. याचा अर्थ काय, ते तुम्हीच या बाईंना सांगा.”

सभागृहातल्या सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. सगीरानं मान खाली घातली. पडेगावकडच्या एका सरकारी वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. रोज दीडशे पोरींच्या भाकरी. काम सरकारचं, पण पगार द्यायची श्रमधारा नावाची ठेकेदार कंपनी. कंपनीचा मालक तिनं कधी पाहिला नव्हता. तिला ठाऊक होता फक्त मुकादम कडुबा. कालच तो म्हणाला होता, “दरबारात तोंड उघडलंस तर परवापासून येऊ नको.”

आमदार बोलत होते.

“साडेअकरा हजार पगार. त्यातून दर महिन्याला सोळाशेच्या वर कापतात. फंडाचे, विम्याच्या हप्त्याचे, व्यवसाय कराचे. बाईमाणसाला पंचवीस हजारांपर्यंत हा कर लागतच नाही, तरी कापतात. चौदा महिने कापले, साहेब. भरला एक रुपया नाही.”

“कागदोपत्री—”

“कागदच घेऊन आलोय. यांचा नवरा जहांगीर ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. पायाला जखम झाली, साखरेच्या आजारानं चिघळली. विम्याच्या दवाखान्यात खिडकीवर कार्ड दिलं. खिडकीतून उत्तर आलं, तुमचा नंबर बंद आहे, हप्ताच आला नाही. ही बाई सहा दिवस कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. सातव्या दिवशी त्याचा पाय गुडघ्यातून काढला. आणि तुम्ही म्हणता, प्रश्न उद्भवत नाही!”

त्या सहा दिवसांत दवाखान्याच्या वऱ्हांड्यात जहांगीर तिला एकच गोष्ट विचारायचा, “पैसे तो कटते थे ना, सगीरा?” ती म्हणायची, “कटते थे.” आता श्रमधाराच्या चारशे बायकांमधून ती एकटी इथवर आली होती, तेही या आमदाराच्या भरवशावर. त्यानं दोनदा घरी येऊन सांगितलं होतं, ‘भाभी, तुम्ही फक्त येऊन बसा. बोलतो मी.’

मंत्री रागावले नाहीत. उलट हसले. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडं हात केला आणि एक फाईल मागून घेतली.

“गाडेकरसाहेब, एवढी पोटतिडीक आहे तर त्या ठेकेदाराचं नाव का घेत नाही? सरकार, सरकार काय करताय? पैसे कापले श्रमधारानं. मालक कोण श्रमधाराचा? सांगता का मी वाचू?”

“वाचा,” आमदार म्हणाले.

मंत्र्यांनी चष्मा चढवला. माईक जवळ ओढला.

“रामकिसन अप्पाराव गाडेकर.” ते थांबले. “तुमचे सख्खे थोरले बंधू. व्हय ना?”

मागच्या रांगांतून शिट्टी आली. कुणी तरी मोठ्यानं हसलं. पत्रकार उठून पुढं धावले. ज्या घरानं तिचा घास काढून घेतला, त्याच घरातला माणूस तिच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता. तिला उठून निघून जावंसं वाटलं.

विश्वजीत गाडेकरांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते उभेच होते.

“व्हय. भाऊच हाय माझा,” ते म्हणाले. आवाजातली भाषणाची धार गेली होती. “मला आठ दिवसांपूर्वी कळलं. त्याला म्हणालो, दादा, बायांचे पैसे भर. तो म्हणाला, तुझी निवडणूक कशावर झाली, येड्या? म्हणजे माझ्या प्रचाराच्या गाड्यांत यांच्याच हप्त्याचं डिझेल होतं.” त्यांनी सगीराकडं पाहिलं, आणि नजर खाली घेतली. “भाभी, हे तुम्हाला तुमच्या घरीच सांगायला पाहिजे होतं. हिंमत झाली नाही.”

आता कुणी हसत नव्हतं.

“काल संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन भावाच्या विरोधात फिर्याद दिली. जबाबात माझ्या निवडणुकीचाही खर्च लिहून दिलाय. आमदारकी गेली तर जाऊ द्या.” ते मंत्र्यांकडं वळले. “पण साहेब, हप्ता भरल्याची पावती जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. दादाची चौदा बिलं विनापावतीची निघाली. ती तुमच्या हातातल्या त्याच फाईलमधी हायत. ठेकेदाराचं नाव वाचलंत. आता प्रत्येक बिलाखाली मंजुरीची सही कुणाची, तेबी वाचा.”

मंत्र्यांनी फाईल मिटली. चष्मा काढला. अधिकारी पुढं वाकून माईक बंद करू लागला.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगीरा उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या माणसांत बोलत होती, आणि तिला माईकची गरज पडली नाही.

“वाचा ना, साहेब,” ती म्हणाली. “माझ्या घरवाल्यानं विचारलंय.”