चाळीस टक्के

“खेळ,” ताई म्हणाली. “मी मागे उभी राहते.”

ऑफिसातून ती थेट माहेरी आली होती. खांद्यावरची बॅगसुद्धा तिने उतरवली नव्हती. धाकट्याने नाइलाजाने हेडफोन चढवले. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पाच जणांच्या टीमची ती कॅप्टन, आणि या आठवड्यात टीम हरली ती दर वेळी त्याच्यापायी. दर वेळी तो माइकवर ओरडला होता, “अडकलं! प्रोसेसरने दगा दिला!” घरातही त्याने तेच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. बाबांनी एवढंच म्हटलं होतं, ताईला बघू दे, ती म्हणाली तर कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर आणू.

ताईने पुढे वाकून दोन-तीन बटणं दाबली. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक आकडे हलायला लागले.

“हे कशाला?”

“तू खेळ रे.”

तो खेळला. पहिली गल्ली नीट पार केली, जिना चढला, वरच्या खोलीच्या दारापाशी पोचला. आतून गोळी आली आणि तो आडवा झाला.

“बघितलंस? अडकलं!” त्याने माउस आपटला. “आता तरी पटलं?”

“चाळीस.”

“काय चाळीस?”

“तुझा प्रोसेसर. चाळीस टक्के. निम्मासुद्धा राबत नव्हता बिचारा. तू मेलास तेव्हाही मजेत होता.”

“आकडे काहीही दाखवतात. मला हाताला जाणवलं.”

“मला कानाला जाणवतं,” ताई म्हणाली. “रोज. समोर कुणी येणार असं वाटलं की तुझा श्वास थांबतो, माइकमधून ऐकू येतं. मग गोळी लागते. मग तू म्हणतोस, अडकलं.”

त्याचे कान तापले. “तुला मला काढायचंय ना टीममधून? मग सरळ सांग की. पुरावे कसले गोळा करतेस?”

“काढायचं असतं तर फोनवर काढलं असतं. एवढ्या लांब तंगडतोड केली नसती.”

“उपकार झाले.”

“आवाज खाली.”

आई दारात आली. हातातला फोन तिने छातीशी धरला होता. “झालं का तुमचं? बाबा दुकानात उभे आहेत, विचारतायत. घ्यायचा की नाही?”

धाकट्याने ताईकडे बघितलं. आता ती सगळं बाहेर काढणार, आईसमोर, बाबांसमोर. त्याने मान खाली घातली.

“घ्यायला सांग,” ताई म्हणाली. “जुना झालाय. याचा काही दोष नाही.”

“मी म्हणतच होते,” आई खुलली. “उगाच हट्ट करणाऱ्यातला नाहीच तो.” आणि फोन कानाला लावत ती बैठकीच्या खोलीत गेली.

त्याने हेडफोन काढले. “खोटं का बोललीस?”

“खोटं कुठे? तुला हवा होता, मिळाला.” ताईने बॅगेचा पट्टा सरळ केला. “परवा बसव. रविवारी मॅच आहे. त्या दिवशी मेलास, तर कुणाचं नाव घेतोस ते मला ऐकायचंय.”

एवढं बोलून ती चपला घालायला गेली. निरोप नाही, काही नाही.

बाहेरून आईचा आवाज येत होता. “हो, ताईनेच सांगितलं. सगळ्यात चांगला बघा. पोराचं अडायला नको.”

तो उठला. बैठकीच्या खोलीत आला. चपलेत पाय घालता घालता ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

“आई, नको सांग.”

“काय नको?”

“प्रोसेसर. आहे तो चांगला आहे.”

“अरे, मग इतके दिवस काय डोकं खात होतास आमचं?” आईने वैतागून फोन स्पीकरवर टाकला. “घ्या, तुम्हीच बोला याच्याशी.”

“काय रे?” बाबांचा आवाज आला. मागे दुकानातली गर्दी ऐकू येत होती. “एकदाच काय ते ठरव.”

“बाबा, मशीन नाही अडकत,” तो म्हणाला. “मी अडकतो.”

आईला काहीच उमगलं नाही. ताईचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

फोनमधून, बाबांच्या शेजारून, दुकानदाराने विचारलं, “साहेब, पॅक करू ना?” मग थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, पुन्हा विचारलं.