चूल दारामागे

व्हिडिओ कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्र झकास आलं होतं. ताई उशीला टेकून बसलेली, केस नुकतेच विंचरलेले, ओठ हलताहेत. आवाज मात्र तिचा नव्हताच. अधूनमधून एकच आवाज येई, तो धाकटीचा स्वतःचा. "वा!" मग शांतता. "अगं बाई, खरंच की!" पुन्हा शांतता. शेवटी नाक ओढल्याचा मोठा आवाज.

धाकटी चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण थोरली अजून असल्यामुळे धाकटीच.

"सूनबाई, हे मुकं झालं गं!"

सून पलीकडच्या टेबलावर ऑफिसचं काम करत होती. ती उठून आली, वाकून पडद्याकडे बघितलं.

"आई, तुम्ही हेडफोन लावलेत. मावशींचा आवाज थेट तुमच्या कानात गेला, खोलीत आलाच नाही. आणि कॉम्प्युटरने खोलीतलं तेवढं रेकॉर्ड केलं."

"म्हणजे माझी बडबड."

"हो. हे बघा, इथे दोन चौकोन आहेत. मायक्रोफोन म्हणजे बाहेरचा आवाज, तुमचा. सिस्टीम ऑडिओ म्हणजे आतला आवाज, मावशींचा. तुम्ही फक्त बाहेरच्यावर खूण केलीत."

"जन्मभर तेच केलं," धाकटी म्हणाली. पण हसली नाही.

आईच्या अंगाईचं पहिलं कडवं तिला येत होतं. दुसरं आता फक्त ताईला येत होतं, आणि तेही आठवेल त्या दिवशी. आज आठवलं होतं. यंत्र सगळं भरून घेतंय म्हणून धाकटीने नुसतं डोळे भरून पाहिलं, शब्द काही धरून ठेवले नव्हते; कुठेतरी कडी होती, एवढंच.

"उद्या करू या ना," सून म्हणाली.

"उद्याचं ताईला विचार." धाकटीने दोन्ही चौकोनांवर खूण केली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पुन्हा फोन लावला.

तिकडे ताईची देखभाल करणाऱ्या नर्सने उचलला. "आजी, आत्ताच तर झालं बोलणं. आता त्यांना झोप येतेय."

"दोनच मिनिटं. तुमचे उपकार होतील."

पडद्यावरचं चित्र हललं, छत दिसलं, मग ताई.

"कोण, धाकटी? किती दिवसांनी गं! विसरलीस ना मला?"

हे वाक्य रोज तिच्या काळजात घुसायचं. आज तिने ते आशीर्वादासारखं घेतलं. "विसरेन कशी? ताई, आईचं गाणं म्हण ना."

"कुठलं गाणं?"

"झोपवायचं."

"मला नाही बाई येत गाणंबिणं. तुलाच शिकवलं होतं, मला कुणी शिकवलंय?" ताईने जांभई दिली. नर्सचा हात फोनकडे येताना दिसला.

धाकटीने हेडफोन नीट बसवले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

"निजली चूल दारामागे, निजली राख अन् केर..."

"काय म्हणालीस?" ताई ताठ बसली. "चूल दारामागे? चूल दारामागे असते का गं? घर जाळशील! इतकी मोठी झालीस, तरी वेंधळी ती वेंधळीच. ऐक."

नर्सचा हात मागे गेला. ताई हाताने ठेका धरून म्हणू लागली:

"निजली केरसुणी दारामागे,
निजली चूल नि निजली राख.
एक धाकटी जागीच अजून,
वाऱ्या, तिचे डोळे झाक."

ती थांबली. पापण्या खाली आल्या. धाकटीने तिला शांत राहू दिलंच नाही.

"मग, कडी गं कडी, खूप वाज..."

"वाज? अगं, पोर झोपवतेस की उठवतेस?" ताईने कपाळावर हात मारला. सून तोंडावर हात धरून मागे उभी होती.

"कडी, तू आता वाजू नको,
दिव्या, जरासा मंद हो.
उद्याचा दिवस मोठा फार,
आजच्या दिवसा, बंद हो."

"आलं का डोक्यात?" ताईने विचारलं.

"आलं."

"मग नीट पाठ कर. मी काय जन्माला पुरणार आहे तुला?" एवढं बोलून ती उशीवर कलंडली. नर्सने हळूच फोन बंद केला.

धाकटीने रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन काढून ठेवले आणि ते पहिल्यापासून लावलं. या वेळी ताईचा आवाज खोलीभर आला, जांभईसकट. दुसरं कडवं होईपर्यंत दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

सूनबाईने डोळे पुसले आणि माऊस हातात घेतला. "आई, हे छान जपून ठेवू. फक्त मधलं तुमचं चुकीचं म्हणणं आणि मावशींचं रागावणं तेवढं कापते. नुसतं गाणं राहील, सलग."

धाकटीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"गाणं मी आता म्हणेन गं. पण मला वेंधळी म्हणणारं दुसरं कोण उरलंय?"