कणकेवरच्या तीन टिचक्या

होग्लाची कणीक मळून झाली. तिने त्यातला एक छोटा गोळा तोडून मंदिरातल्या याजकासाठी बाजूला ठेवला आणि वर पाहिलं.

"झालं?" अदाया म्हाताऱ्याने विचारलं.

"झालं, आजोबा."

"मग टिचक्या कुठे गेल्या?"

होग्लाला काही कळेना. अंगणात जमलेले लोकही एकमेकांकडे बघू लागले.

मोआबी वगैरे परक्या जातीच्या बायकांना घराबाहेर काढा, असा यरुशलेमहून हुकूम आला होता. नेटोफा गावात परकी कोण आणि यहुदी कोण, हे ठरवायचं काम अदायाकडे होतं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांत तोच सगळ्यांत वडीलधारा. तोंड खोटं बोलेल, हात खोटं बोलत नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. म्हणून त्याने सरळ पीठ आणि पाणीच मांडलं होतं.

"बाजूला काढलेल्या गोळ्यावर तीन टिचक्या मारायच्या," तो म्हणाला. "माझी आई बाबेलात रोज मारायची. हे शिकवून येत नाही, रक्तातच असावं लागतं. तू परकी."

"आजोबा, माझा आजा हेब्रोनचा. तो बंदिवासात गेलाच नाही, म्हणून तुमच्या परतलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, इतकंच." होग्लाने हात जोडले. "माझी दोन लेकरं आहेत हो."

"उद्या सकाळी निघायचं."

होग्ला भिंतीशी जाऊन मटकन बसली. तिची शेजारीण सिबिया ओढणी तोंडावर धरून उभी होती. ती रडतेय की हसतेय, ते कुणाला दिसलं नाही.

"आता तू ये," अदाया तिला म्हणाला. "तुझ्याबद्दल तर सगळं गाव कुजबुजतंय."

"कुजबुजू दे की. मला काय त्याचं? पीठ द्या."

सिबियाने बाह्या मागे सारल्या आणि घरी बसल्यासारखी ऐसपैस बसून कणीक मळली. गोळा तोडला, बाजूला ठेवला. मग त्यावर टक, टक, टक, तीन टिचक्या मारल्या.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून त्याने ते पाहिलं नव्हतं.

"बघा रे सगळ्यांनी," तो मोठ्याने म्हणाला. "हुबेहूब माझ्या आईचा हात. ही आपलीच!"

त्याने तिच्या नावाच्या चिठ्ठीवर ओल्या मातीचा गोळा दाबला आणि त्यावर आपली अंगठी उमटवली.

"हा शिक्का आता मोडत नाही ना?" सिबियाने विचारलं.

"माझा शिक्का मीसुद्धा मोडत नाही."

"मग होग्लालाही एक द्या."

"तिने टिचक्या मारल्या नाहीत."

"कशा मारेल? ती यहुदी बाई." सिबियाने हाताचं पीठ सावकाश झटकलं. "टिचक्या आम्ही मोआबातल्या बायका मारतो, आजोबा. तुमच्या आईचं माहेर कुठलं म्हणालात?"