कडबाकुट्टीची तपासणी

दुष्काळाच्या साली सोसायटीनं भूमच्या गुरांच्या छावणीत ट्रॅक्टरमागं ओढत एक कडबाकुट्टी आणून ठेवली आणि तिच्या तपासणीला बब्रुवानला नेमलं. बब्रुवान दर सोमवारी यायचा, सांध्यासांध्यावर हातोडा ठोकून कुठं तडा गेलाय का ते कान लावून ऐकायचा, पात्यांच्या धारेवरून अंगठा फिरवायचा. तिसऱ्या महिन्यातही सगळं कोरं करकरीत पाहून त्याची छाती फुगली.

"बघा मावशी, तडा न्हाय, झीज न्हाय. देखरेख म्हणत्यात ती ही!"

बैलापुढं बाभळीचा पाला टाकत गजराबाई म्हणाल्या, "झिजंल कशानं, बाबा? कडबा अजून आलाच न्हाय."

बब्रुवानला स्वतःचंच हसू आलं. तीन महिन्यांत झिजला होता तो फक्त त्याचा हातोडा.