परडीबाहेरचा अंकुर

दसऱ्याच्या सकाळी घटातले अंकुर केसांत माळण्यासाठी कुसुमताई उपटत होत्या, तेव्हा त्यांना तसाच एक पिवळसर अंकुर सुनेच्या तळहातावर दिसला.

घट बसवताना परडीची कामटी मोहिनीच्या हातात घुसली होती. त्या जखमेत गव्हाचा दाणा शिरला असावा.

"अगं, बोलायचं नाही का?"

"ठणकलंच नाही, आई. पिकलंही नाही."

पिकणार कसं? मोहिनीला मल्टिपल स्क्लेरॉसिस. तिच्याच रक्तातल्या पेशी तिच्या नसांवरचं आवरण शत्रू समजून कुरतडायच्या. उन्हाळ्यात नवी लस देऊन त्या पेशींना शिकवलं, की कुणालाच परकं मानायचं नाही. कुरतडणं थांबलं. पण गेलेलं आवरण परत येणार नाही, डावा पाय फरफटतच राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी सातव्या माळेला मोहिनी काठीशिवाय चालली, आणि कुसुमताईंनी रडत रडत देवीची ओटी भरली.

"आण हात इकडे," म्हणत त्यांनी अंकुर चिमटीत धरला आणि हलकेच ओढला.

तो सुटला नाही. आत, पार खोलवर मुळासारखं काहीतरी ताणलं गेलं आणि मोहिनीचा डावा पाय आपोआप गुडघ्यात वर उचलला गेला.

कुसुमताईंनी चिमूट सोडली. पाय खाली टेकला.

मग कुसुमताईंनी घटाजवळची पळी उचलली आणि मोहिनीच्या तळहातावर थोडं पाणी घातलं.