आकृती नको

"आकृती नको. शब्दांत लिही."

मास्तरांचा तोच शेरा तिसऱ्यांदा आला, तशी तिने वैतागून कीबोर्ड पुढे ढकलला.

ऑपरेटिंग सिस्टिममधला मेमरीचा कोड तिच्याकडे होता. मेमरीची पानं, म्हणजे तिचे ठरावीक तुकडे, कोणत्या प्रोग्रॅमला द्यायची, कधी परत घ्यायची, हे तो ठरवायचा. त्यात एक जुनी कॉमेंट, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली टीप, होती: 'इथे पान सोडावे.' आता सोडावे म्हणजे मोकळं करावं, की हात न लावता तसंच राहू द्यावं? शेजारच्या टेबलावरच्या मित्राने पहिला अर्थ घेतला, वापरात असलेलं पान मोकळं केलं, आणि ग्राहकांची यंत्रं धडाधड बंद पडली. बिचारा नोकरीला मुकला.

पुन्हा कोणाचा पाय त्याच खड्ड्यात पडू नये म्हणून तिने ती कॉमेंट नव्याने लिहायला घेतली. कीबोर्डवरच्या चिन्हांचे चौकोन, रेघा, बाण जुळवून शेंबड्या पोरालाही कळेल अशी आकृती काढली. पण मास्तर ऐकतील तर ना! कॉमेंट तपासणारे हे ज्येष्ठ अभियंते पलीकडच्या इमारतीत बसत. तिच्या गटात कोणी त्यांना पाहिलंही नव्हतं.

"खडूस आहे म्हातारा," मैत्रीण म्हणाली. "दे काहीतरी खरडून आणि सूट."

"आणि उद्या तुझी नोकरी गेली म्हणजे?"

ती लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्याला अडली. बाण कुठून कुठे जातो हे तिने झोकात काढलं होतं. तो का जातो, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. दोन दिवस तिने कोड उकरला. शेवटी लिहिलं: 'हे पान अजून वापरात आहे. इथे मोकळे करू नका. शेवटचा वापरणाराच ते मोकळे करतो.'

मंजुरी लगेच आली. म्हातारा पक्का गुरू निघाला म्हणायचा!

संध्याकाळी ती आभार मानायला गेली. मास्तरांच्या खोलीत अंधार होता. संगणक सपाट आवाजात तिची कॉमेंट वाचत होता. तिने दारातूनच आपलं नाव सांगितलं.

"आता कुठेच खोट नाही," मास्तर म्हणाले. "ये, बस."

"मला धडा मिळावा म्हणूनच आकृती नाकारलीत ना?"

"छे गं! एवढा कुठला मी शहाणा?"

खुर्ची चाचपडताना तिचा गुडघा टेबलावर आपटला. "मास्तर, दिवा लावू का?"

"अगं, लाव की! तुला उजेड लागत असेल, हे माझ्या ध्यानातच येत नाही."