आधी माझा काढा

“मी नाय बसणार,” असं म्हणून धोंडीराम स्टुलावरून उठला.

तपासणीच्या खोलीतल्या तेजलनं पुन्हा समजावलं, “बाबा, काही टोचत नाही. डोळ्याला हातही लागत नाही. इथं हनुवटी टेकवायची, आत हिरवी खूण दिसेल तिच्याकडे बघायचं. डोळ्याच्या पडद्यातल्या थरांचा फोटो निघतो, एवढंच.”

धोंडीरामला ते पटेना. दोन वर्षांपासून त्याला माणसांचे चेहरे दिसत नव्हते. समोर बघितलं की मधोमध डाग यायचा. तरी डोळ्याजवळ काही आणलं की तो बिथरायचा. विंचूरहून त्याला शहरात, द्वारका चौकाजवळच्या या दवाखान्यात आणायला त्याच्या बायकोला, सिंधुबाईला चार महिने लागले होते. भजनात पखवाज वाजवायला तो अजून गावोगाव जायचा, तो तिच्याच जिवावर. एसटीची पाटी ती वाचायची, खड्डा ती सांगायची, मांडवात नेऊन बसवायची तीच.

“असं करा,” सिंधुबाई म्हणाली, “आधी माझा काढा. ते बघून तरी यांची भीती जाईल.”

बाहेर कुणी खोळंबलेलं नव्हतं. तेजलनं तिला बसवलं. उजवा डोळा झाला. डाव्याच्या वेळी तेजल म्हणाली, “मावशी, हिरव्या खुणेकडे बघा ना.”

“बघतेय की.”

“नजर बाजूला जातेय तुमची.”

मॉनिटरवर चित्र उमटलं. एकावर एक सरळ असायला हवेत ते थर मधोमध फुगून वर आले होते. खाली पाणी साचलं होतं.

“या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?” तेजलनं विचारलं.

“दिवाळीपासून.”

धोंडीराम भिंतीला टेकून उभा होता. होळी होऊनही आठवडा झाला होता. एवढ्या दिवसांत आपण हिच्या मागं कुठंकुठं गेलो, ते त्याला आठवायला लागलं. निफाड, लासलगाव. त्र्यंबकेश्वरला तर भर गर्दीत. मग तो पुढं आला, स्टूल चाचपून बसला आणि त्यानं हनुवटी टेकवली.

डॉक्टरांनी दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. धोंडीरामचा डाग जुना होता. वाढत नव्हता, पण जाणारही नव्हता. सिंधुबाई लवकर आली असती तर बरीच नजर वाचली असती, असं ते म्हणाले. इंजेक्शनांनी अजूनही थोडी परत येईल. पहिलं आजच घ्यायचं ठरलं.

इंजेक्शनची वाट बघत दोघं बाकावर बसले. धोंडीरामनं विचारलं, “मला का नाय सांगितलंस?”

“सांगितलं असतं,” सिंधुबाई म्हणाली, “तर माझ्या भरवशावर तुम्ही घराबाहेर पडला असता का?”